खांद्यावरचा तिसरा

वर्गातलं एक बाकडं भिंतीला लावलं होतं आणि त्यावर सहावीतला एक मुलगा वेताळ होऊन बसला होता. केस विस्कटलेले, गुडघे हनुवटीपाशी घेतलेले, खांद्यावर घरून आणलेला पांढरा पंचा. बाकीचा वर्ग त्याच्यासमोर जमिनीवर. ज्याला जे हवं ते वेताळाला विचारायचं आणि त्याने वेताळ म्हणूनच उत्तर द्यायचं, एवढाच खेळ. प्रश्न येत होते ते अपेक्षेतलेच. काय खातोस, दिवसा कुठे असतोस, राजाला घाबरत नाहीस का, इतक्या गोष्टी तुला सांगितल्या कोणी. मुलगा रंगात आला होता, आवाज जाड करून उत्तरं फेकत होता, वर्ग हसत होता. तेवढ्यात खिडकीशी बसणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ह्यां मडां कोणाचां?" वेताळाला प्रश्न समजला नाही. तिने त्याच्या छातीकडे बोट केलं. "तू भूत. पण तू ज्येच्यात शिरलंस, तो माणूस कोण होतो?" मुलगा बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याच्या नेहमीच्या, बारीक आवाजात म्हणाला, "माका म्हायत नाय. मी शिरलंय तेव्हा तो आदीच मेललो होतो."

घंटा झाली, मुलं डबे घेऊन पळाली. मी मात्र त्या प्रश्नापाशी अडकून राहिले.

विक्रम आणि वेताळ मी लहानपणापासून ओळखते. आमच्या घरी 'चांदोबा' यायचा आणि अंक हातात पडला की मी आधी ती गोष्ट काढत असे. शंकर यांनी काढलेलं ते चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल: अंधारी रात्र, उपसलेली तलवार, आणि खांद्यावर लोंबणारं शरीर. मला राजाची तलवार आवडायची. वेताळाची भीती वाटायची, आणि त्या भीतीचीही एक ओढ होती. गोष्ट संपता संपता राजाचं मौन सुटायचं आणि वेताळ प्रेतासकट नाहीसा व्हायचा. किती वेळा वाचलं असेल ते 'प्रेतासकट'. प्रवासाला निघालेल्या माणसाने सामान उचलावं तसं ते प्रेत दर महिन्याला झाडावरून खांद्यावर आणि खांद्यावरून झाडावर जात राहिलं. राजाला नाव होतं, वेताळाला नाव होतं, गोष्टीतल्या व्यापाऱ्यांना, राजकन्यांना, चोरांनाही नावं होती. ज्याच्या अंगावर हा सगळा डोलारा उभा होता तो एकटा बिननावाचा. आणि हे माझ्या कधी मनात आलं नाही, वर्गातल्या इतर कुणाच्या आलं नाही, तिच्या आलं. याचं मला जितकं कौतुक वाटलं तितकंच आत काहीतरी हललं.

या तासाला मी नाटकाचा तास म्हणते, पण नाटक म्हटलं की शाळेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन येतं. तिथे संवाद पाठ असतात, भाड्याचे कपडे असतात, मिशा चिकटवलेल्या असतात आणि प्रॉम्प्टर घामाघूम झालेला असतो. तेही मला प्रिय आहे. पण स्नेहसंमेलनातल्या वेताळाला पुढे काय होणार ते आधीपासून ठाऊक असतं. वर्गातल्या वेताळाला ते ठाऊक नसतं, आणि मला हवं असतं ते नेमकं हेच. इथे प्रेक्षक नाही. गोष्टीतलं एखादं पात्र खुर्चीत बसवायचं आणि त्याला प्रश्न विचारायचे. एखादा क्षण निवडून सगळ्यांनी मूर्तीसारखं थिजायचं. दोन रांगा करून मधून राजाला चालायला लावायचं आणि प्रत्येकाने त्याच्या कानात एकेक वाक्य बोलायचं, एका रांगेने 'बोल' म्हणून, दुसरीने 'गप्प राहा' म्हणून. शिक्षणातल्या नाटकाबद्दल लिहिणाऱ्यांनी या प्रत्येकाला नावं दिली आहेत. त्यांच्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती इंग्लंडची डोरोथी हीथकोट. जन्म १९२६ चा, चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली मुलगी, पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागली. तिचा आग्रह असा की शिक्षकाने बाजूला उभं राहून सूचना देऊ नयेत, गोष्टीतलं कुणीतरी होऊन आत उतरावं. आणि तेही सगळं जाणणारं पात्र होऊन नव्हे, ज्याला मुलांची गरज आहे असं पात्र होऊन. वर्गात जाताना मी हे दर वेळी स्वतःला बजावते, कारण जाणतेपण अंगावरून उतरवणं फार जड जातं.

सिंधुदुर्गातल्या मुलांना यातलं काहीच नवीन नाही, ही गोष्ट मात्र मला इथे आल्यावर समजली. ही मुलं दशावतार बघत वाढलेली. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर देवळापुढे बसायचं, मांडीवरच्या धाकट्या भावंडाला झोप लागली तरी आपण जागं राहायचं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लागत असताना कथानक ठरतं, कोणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि मग मंचावर जाऊन ज्याने त्याने आयत्या वेळी बोलायचं. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा आणि वाढवून परत करायचा. सगळ्या नेपथ्यात मिळून एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तीच शेज. म्हणून पहिल्याच तासाला मी जेव्हा सांगू लागले की आपल्याकडे झाड नाही, तेव्हा एकाने न विचारता बाकडं ओढून भिंतीला लावलं. "ह्यां झाड," तो म्हणाला, आणि विषय संपला.

वेताळ निवडला तेव्हा मला वाटलं होतं, भुताची गोष्ट आहे, मुलांना मजा येईल. पण मी घाटावरची, माझं माहेर गोदाकाठचं. माझा वेताळ मासिकातून आलेला. इथे वेताळ हा शेजारी आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं मोठं देऊळ आहे. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड घेऊन येतात आणि देवाच्या पायात घालायला भल्यामोठ्या चामडी चपला. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या चपलांचे तळ झिजतात असं मानतात. खाली गोव्यात उतरलं तर गावोगाव बेताळ उभा. दुसऱ्याच दिवशी एका मुलाचे आजोबा शाळेच्या पायरीवर येऊन बसले. रागावलेले नव्हते, पण दुखावलेले होते. "बाई, तो आमचो राखणदार. तुमी तेका उलटो टांगतास?"

मी त्यांना चहा दिला आणि पुस्तक दाखवलं. पुस्तकाचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही, आणि तसा व्हायचं कारणही नव्हतं. ज्याच्या चपलांचे तळ त्यांनी स्वतः पाहिले होते त्याच्यापुढे माझं छापील पान कोणत्या तोंडाने उभं राहणार. मग मी त्यांना वर्गातच बोलावलं. मुलांनी त्यांनाही खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. झाडावरचा आणि देवळातला एकच का? दोघेही रात्री जागे कसे? वेतोबा चालतो, मग हा लटकतो का? आजोबांनी उत्तरं दिली, काही ठाम, काही थांबत थांबत. सगळं झाल्यावर एक मुलगा म्हणाला, राजाने त्याला इतक्या वेळा खाली उतरवलं ना, म्हणून शेवटी तो चालायला लागला असेल. आजोबा यावर काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले की झाडावरच्याला वेतोबा म्हणू नका, वेताळ म्हणा. तेवढं आम्ही पाळतो. झाडावरचा वेताळ खाली उतरून राखणदार झाला, याला मला कुठल्या पोथीत आधार सापडलेला नाही, पण हा विचार मनातून जात नाही. भयाला नमस्कार करत करत त्याला गावाच्या वेशीवर राखणीला उभं करणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि कोकणातल्या लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या केली आहे.

आता त्या मढ्याकडे येते. संध्याकाळी घरी येऊन मी गोष्ट मुळापासून काढून बसले. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात ही पंचविशी आहे. तिथला राजा उज्जैनीचा नाही. तिथे त्याचं नाव त्रिविक्रमसेन आणि त्याची नगरी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. ज्या नदीच्या पाण्यात मी पोहायला शिकले, त्या नदीवरच्या दरबारात एक भिक्षू रोज एक फळ आणून देतो. दहा वर्षं. राजा फळ घेतो आणि खजिनदाराकडे देतो. एक दिवस माकडाचं पिल्लू फळ फोडतं तेव्हा कळतं की प्रत्येक फळाच्या पोटात रत्न होतं. मग भिक्षूची मागणी येते: वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये, दूरवरच्या शिंशपेच्या झाडावर एका माणसाचं प्रेत लटकतंय ते मला आणून दे. इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचा तपशील मात्र मासिकात वाचल्याचं मला आठवत नाही. राजा झाडावर चढून दोर कापतो. प्रेत खाली पडतं आणि कळवळून ओरडतं. माणूस जिवंत आहे असं वाटून राजा खाली उतरतो आणि दया येऊन त्याचं अंग चोळू लागतो.

भर काळोखात, स्मशानात, एक राजा अनोळखी माणसाचे हातपाय चोळतोय.

मग प्रेत खदखदा हसतं. आत वेताळ आहे हे राजाला कळतं. हसतोस काय, चल, एवढंच तो बोलतो आणि प्रेत पुन्हा झाडावर. त्यानंतर रात्रभर तो कितीतरी वेळा ते शरीर उचलतो, पण आता त्याला ठाऊक असतं की हे वेताळाचं घर आहे. पुन्हा तो ते कधी चोळत नाही. त्या शरीराला कुणी माणूस समजून हात लावल्याचा तो एकच क्षण, आणि तो हसण्यात बुडून जातो. मला वाटतं, आमच्या वर्गातल्या मुलीने जो प्रश्न विचारला तो त्याच क्षणातून आला होता, तिने तो क्षण वाचलेला नसतानाही.

पुढे वाचत गेले तर दुसऱ्या एका परंपरेत तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तरच मिळालं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून १८०५ साली जी हिंदी 'बैताल पचीसी' बाहेर पडली, तिच्यात एका नगरीत एकाच नक्षत्रावर जन्मलेली तीन माणसं आहेत. एक राजाच्या घरी, एक तेल्याच्या घरी, एक कुंभाराच्या घरी. कुंभार जोगी होतो, तेल्याला मारतो आणि स्मशानातल्या झाडावर उलटा टांगतो. आता त्याला राजाचा बळी हवा आहे. मढं तेल्याचं होतं. एका घटकेला जन्मलेल्या तिघांपैकी एक जण दुसऱ्याला खांद्यावर घेऊन तिसऱ्याकडे मरायला चालला होता. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. गोष्टीचा हा हिशेब मला बोचला आणि अजून बोचतो. तिघांच्या माथ्यावर नक्षत्र एकच, पण वाचणार कोण हे पहिल्यापासून ठरलेलं. तेली मरतो, कुंभार मरतो, राजा जगतो आणि कीर्ती मिळवतो. मराठीत छापखाना अजून नवाच होता तेव्हा, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वेताळपंचविशी मराठीत आणली. तेव्हापासून किती पिढ्यांनी ही गोष्ट ऐकली. तेल्याची आई कुणाला आठवली असेल का?

मग प्रश्न उभा राहिला की हे वर्गात सांगायचं का. उत्तर हातात होतं. मुलीने सरळ विचारलं होतं, तिला सरळ उत्तर मिळायला हवं, हा एक विचार. पण मी जर दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं असतं की मढं तेल्याचं होतं, तर मुलांनी 'हो का' म्हणून वहीत लिहून घेतलं असतं, आणि तो माणूस पुन्हा एकदा कुणाच्या तरी माहितीचा भाग होऊन झाडावर गेला असता. वेताळाची अटच आठवली. माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. बोललास तर मी चाललो. राजाची ही कोंडी मी इतकी वर्षं चुरस म्हणून वाचत आले. शिकवणाऱ्या माणसाची ती रोजची कोंडी आहे. जाणणाऱ्याने गप्प राहणं हा गुन्हा आहे हे मला मान्य आहे, अगदी मनापासून मान्य आहे; आणि तरीही जाणणाऱ्याने तोंड उघडलं की हातातलं निसटतं, हेही मी रोज बघते. मी ठरवलं की उत्तर सांगायचं, पण बाई म्हणून नाही. गोष्टीतलं कुणी होऊन सांगायची वेळ आली तरच.

पुढच्या तासाला मी फक्त एवढं विचारलं, "मढं कोण होणार?"

तोवर वेताळ आणि प्रेत हे आमच्याकडे एकच पात्र होतं. आता त्याची दोन झाली. एक सडपातळ मुलगा मढं व्हायला तयार झाला. वेताळ राजाच्या मागे अगदी कानाशी चालणार, बोलणार तोच. मढ्याने काहीच करायचं नाही. काही न करणं किती अवघड असतं ते मग सगळ्यांनी पाहिलं. उचलल्याबरोबर त्याचे पाय आपोआप जमीन शोधायचे, मान सावरायची, हात राजाच्या गळ्यात जायचे. "सोड, सगळां सोड," वर्ग ओरडायचा. हळूहळू त्याला ते जमलं, आणि जमलं त्या क्षणी तो दुप्पट जड झाला. राजा झालेला मुलगा अंगाने दणकट आहे, सुट्टीत वडिलांबरोबर होडीवर जातो, पण पहिल्या फेरीतच त्याची मान लाल झाली. पाय फाकून, गुडघ्यात वाकून तो वर्गाला वळसा घालत होता. मागून वेताळ गोष्ट सांगत होता. मढ्याचा उजवा हात खाली लोंबत होता आणि राजाच्या प्रत्येक पावलागणिक त्याच्या मांडीवर आपटत होता. टप, टप. कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या वळणावर राजाने तलवारीची फूटपट्टी दातांत धरली आणि मोकळ्या झालेल्या हाताने तो लोंबणारा हात पकडला. तसाच घट्ट धरून चालत राहिला. वर्गातली चुळबुळ थांबली. मी त्या दोघांच्या बोटांकडे बघत होते. खेळ चाललाय हे माहीत असूनही माझ्या पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं.

नंतर आम्ही मढ्याला खुर्चीत बसवलं. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे म्हणजे काय, यावर थोडी बाचाबाची झाली, मग त्याला आज एक दिवस बोलायची परवानगी मिळाली. तुला काय कळत होतं, मुलांनी विचारलं. "माका सगळां आयकाक येत होतां," तो म्हणाला. "पण राजा वेताळाकडेच बोलत होतो." हे बोलताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो नुसता जे झालं ते सांगत होता, आणि म्हणून ते जास्त लागलं. चोवीस गोष्टी, सगळ्या न्यायाच्या. दोष कुणाचा, हक्क कुणाचा, मोठा त्याग कुणाचा. आणि ज्याच्यावर अन्याय झालाय असा एक माणूस त्या न्यायनिवाड्याच्या मधोमध, राजाच्या कानापासून वीतभर अंतरावर, सबंध रात्र पडून आहे. त्याचा खटला वेताळही काढत नाही. वेताळाला ठाऊक नसेल का? मला वाटतं, असेल. पण वेताळ जे विचारतो त्याची उत्तरं राजाला येतात, म्हणून तो ते विचारतो. शेवटी तो बाप-लेक आणि आई-मुलगी यांच्या उलट्यासुलट्या लग्नांतला नात्यांचा गुंता टाकतो आणि राजा पहिल्यांदा गप्प होतो. त्या एका गप्प राहण्यावर खूश होऊन वेताळ त्याला भिक्षूचा कट सांगतो. मुलांचं म्हणणं असं पडलं की राजाला गप्प करायला इतका गुंता कशाला हवा होता; 'तुझ्या खांद्यावर कोण आहे' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

डोक्यांची अदलाबदल झालेली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. नवरा आणि भाऊ देवीपुढे शिर कापून घेतात, देवी प्रसन्न होते, आणि घाईघाईत बाई एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावते. आता नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण सगळ्या अवयवांत शिर श्रेष्ठ. आम्ही ही गोष्ट करून पाहिली आणि निवाडा ऐकल्यावर खिडकीशी बसणारी ती मुलगी उठली. तिचं म्हणणं होतं, राजाच्या नियमाने बघितलं तर खांद्यावरचं डोकं कुणाचं आहे? वेताळाचं नाही. तो तर आत शिरलाय. डोकं मेलेल्याचंच. मग राजाने वेताळाला सांगायला हवं होतं की तू कोणीच नाहीस, हा माणूस तोच आहे जो होता. राजा झालेला मुलगा मान्य करायला तयार नव्हता. "पण तो बोलाक खंय शकता?" बोलतो त्याच्याशीच आपण बोलणार ना, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. अर्धा वर्ग त्याच्या बाजूला गेला. मला त्याचंही पटत होतं. आपण सगळे तसेच आहोत, बोलणाऱ्याला उत्तर देण्यात आपली रात्र जाते. पण त्याने स्वतः तो हात धरला होता, हे त्याला कुणी आठवून दिलं नाही. मीही दिलं नाही.

शेवटाकडे आलो तेव्हा मुलांना एक धक्का बसला. कथासरित्सागरात वेताळ सावधगिरी सांगून प्रेतातून निघून जातो. राजा नुसतं प्रेत घेऊन भिक्षूपाशी पोचतो. भिक्षूने हाडांच्या चूर्णाचं मंडल आखलेलं असतं. तो त्या प्रेताला आंघोळ घालतो, गंध लावतो, हार घालतो, मंडलात ठेवतो आणि मंत्राने वेताळाला पुन्हा त्यात बोलावतो. मग राजाला म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मला येत नाही, आधी तू करून दाखव. तो वाकतो आणि राजा त्याचं मस्तक उडवतो. मुलांना कट उलटल्याचा आनंद झाला, टाळ्या पडल्या. पण आंघोळीपाशी मुलं परत आली. मेलेल्या माणसाला आंघोळ कधी घालतात ते त्यांना ठाऊक आहे. घरातून माणूस गेलेला त्यांच्यातल्या काहींनी पाहिलाय. त्या शरीराला मिळालेली एकमेव आंघोळ त्या भिक्षूच्या हातची होती, आणि तीही निरोपासाठी नव्हती. एका मुलीला हे सहन झालं नाही. "मगे तेका जाळल्यान कोणी?" तिने विचारलं. मी सोमदेवाचं पान पुन्हा चाळलं. वेताळ वर देतो की या कथा जगात गाजतील. शंकर प्रकट होतो. राजाला विद्याधरांचं राज्य मिळतं. त्या मढ्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही.

मुलांनी मग ठरवलं की खेळ इथे संपवायचा नाही. वेताळ गेला, भिक्षू मेला, उजाडायला आलं. राजाने ते शरीर अजून एकदा उचलायचं, या वेळी कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि त्याचं घर शोधत जायचं. दार त्याच्या आईने उघडायचं. आता मागे वेताळ नाही, डोकं फुटायची भीती नाही, बोललं तर काही निसटूनही जाणार नाही. तर राजा पहिलं वाक्य काय बोलेल? प्रत्येकाने एकेक लिहून आणलं. 'तुमचा मुलगा मला रस्त्यात सापडला.' 'मी त्याला रात्रभर खाली ठेवलं नाही.' 'मला माफ करा, मला त्याचं नाव माहीत नाही.' एकाने कोरा कागद दिला आणि म्हणाला, राजा काहीच बोलणार नाही, नुसता उभा राहील. राजा झालेल्या मुलाने सगळे कागद वाचले आणि एकही पसंत केला नाही. तो म्हणतो, दार उघडल्यावर आई काय बोलते ते आधी ऐकायचं, मग मी बोलणार. दशावतारात वाढलेला मुलगा, समोरच्याचा शब्द आल्याशिवाय तो आपला शब्द टाकणार नाही.

आणि आई मी व्हायचं, हे वर्गाने एकमताने ठरवून टाकलंय. तेलाच्या घाण्यावरची बाई माझ्या मनात आहे, त्यांना तिचा अजून पत्ता नाही. फार दिवसांपासून वाट बघणारी, दिवसभर काम ओढून दमलेली, पहाटे दार वाजल्यावर आधी चिडणारी. राजाला ओळखण्याचं तिला काही कारण नाही. ती त्याला कोण समजेल, तिला आधी चेहरा दिसेल की पाय, ती आत घे म्हणेल की बाहेरच थांब म्हणेल, हे मी येता-जाता मनात घोळवतेय. खिडकीशी बसणारी मुलगी काल वर्ग सुटल्यावर मुद्दाम मागे थांबली. दप्तर पाठीला अडकवून, माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "बाई, तुमी आई झालास की राजाक मदत करूची नाय हां. तेका अडलां तरी नाय."

मी तिला शब्द दिलाय.